वेणी लांबी खाते

राहेच्या पोलाद कारखान्यातलं
तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस बंद झालं,
त्या हिवाळ्यात एन्सिओनं घरी आणलं
करड्या नेटवर्क वायरचं अर्धं खोकं.
परवानगीची चिठ्ठी त्यावर चिकटवलेली, सहीसकट.
चोरीची नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

एकवीस वर्षं ह्याच वायरी
त्यानं छतांच्या पोटातून ओढल्या.
दुसऱ्यांचे पगार, रजेचे अर्ज, माफीनामे
त्यांतून गेले.
आता म्हणाला, स्पीकरला हीच लावू,
दुकानातली केबल म्हणजे नुसता डौल.

टेबल माझं. कात्री माझी.
दिवा तेवढा त्याचा, कपाळाला बांधलेला.
मटारची शेंग उसवावी तसं
बाहेरचं कवच त्यानं दोऱ्यानं उसवलं.
आत चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या:
नारिंगी आणि तिची पट्टेवाली,
हिरवी आणि तिची, निळी आणि तिची, तपकिरी आणि तिची.
पाढ्यासारखं म्हणत होता.
पुऱ्या रंगाच्या सगळ्या धन टोकाला,
पट्टेवाल्या सगळ्या ऋण टोकाला.

मग तीन पदर हातात घेतले
आणि तिथेच अडला.

चाळीस वर्षं दर शनिवारी
मी वेलदोड्याच्या पावाची वेणी घालते.
हा समोर बसून कॉफी पितो.
आणि ह्याला ठाऊक नाही
डावा पदर मधल्याच्या वरून जातो की खालून!
माणूस इतकी वर्षं नेमकं बघतो तरी काय?

मी हात पुसले. शिकवलं.
डावा वरून मधे. उजवा वरून मधे.
इतकं आवळू नको, फुगायला जागा ठेव.
"ही फुगत नाही," तो म्हणाला.
"तरी ठेव."
आणि हेही सांगितलं, की वेणी लांबी खाते,
वीतभर जास्त घे.
पण त्यानं टेपनं मोजलं होतं.
टेप हातात असलेला माणूस ऐकत नाही.

शहाण्णव टोकं सोलायची.
दोघांच्या अंगठ्यांची नखं दुखून आली.
शेजारचा राउनो डोकावला,
तांबं ते तांबं, कानाला काही कळायचं नाही, म्हणाला,
आणि पावाचे चार तुकडे खाऊन गेला.

रात्री मीटर लावला.
पीं.
पीं म्हणजे धन आणि ऋण
कुठेतरी चोरून भेटलेत,
आणि असल्या भेटीत ॲम्प्लिफायर जळतो.
तासभर शोधलं. शेवईएवढी एक तार
वाकून पलीकडे टेकली होती.
चिमट्यानं बाजूला केली.
मीटर गप्प. आम्हीही.

मग उजव्या स्पीकरपर्यंत केबल पोचेना.
एक वीत कमी.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीतल्या जिरेनियमकडे.
बोलले नाही काही. त्यालाही कष्ट पडतात.

स्पीकर सरकवला, म्हणून कपाट सरकलं,
म्हणून त्याची खुर्ची, म्हणून माझी,
जी आजवर स्वयंपाकघराच्या दाराशी असायची.

रेडिओ लावला तर सागरी हवामान चालू.
उल्कोकल्ला, उत्तरेचा वारा, नऊ.
नाहकियाइनेन, वायव्येचा, अकरा.
मारयानिएमी.
एन्सिओनं डोळे मिटले.
"कळतो का फरक?"

प्रत्येक दीपगृहाचं नाव घेण्याआधी
ती बाई बारीकसा श्वास घेते,
तो मला ऐकू आला.
कदाचित ती नेहमीच घेत असेल.
ह्या वेळी मी नेहमी भांडी घासत असते.
"कळतो," मी म्हणाले. "राउनोला सांगू नको."

मे महिन्यात, खाडीतला बर्फ फुटला तेव्हा,
पिठाच्या डब्यात सापडलं
नारिंगी कवचाचं एक टोक,
तांदळाच्या दाण्याएवढं, आतून पोकळ.
टाकण्याआधी
मी त्यातून फुंकर मारून पाहिली.