नऊ

विनिपेग. उणे एकतीस.
दोन दारांमधल्या काचेच्या खोलीत
पिझ्झावाला पोरगा दातांनी हातमोजा ओढतो,
चिठ्ठीवरचा आकडा दाबतो: शून्य चार एक.
पडद्यावर हिरवं नाव उमटतं, पाश्चुक.

भिंतीतली पेटी हुशार वगैरे नाही.
ती नुसता फोन लावते,
लिहून ठेवलेल्या नंबरावर, तो कुठेही असो.
पलीकडून कुणी नऊ दाबलं
की कडी खर्रर्र करते, पाच सेकंद.
तेवढ्यात ढकलायचं.

ओरेस्ट पाश्चुक मार्चमध्येच हॅलिफॅक्सला गेला, लेकीकडे.
नंबर कुणी बदललाच नाही.

तिकडे बटाटे सोलता सोलता
तो अंगठा पँटला पुसतो
आणि नऊ दाबतो.
लेक चिडते: कोण होतं, विचारलंस तरी?

उणे एकतीस आहे तिथे, तो म्हणतो,
आणि पुढचा बटाटा घेतो.