मोजणी

मी यंत्रं मोजायला येतो.
इक्सानच्या या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षांतून एकदा,
फाईल काखेत, बुटांना बर्फाचा चिखल.
नियम साधा आहे: शाळांची बाकं लहान कारखान्यांकडूनच घ्यायची,
आणि लहान म्हणवणाऱ्याने ती स्वतः बनवायची,
दुसऱ्याकडून आणून वर आपली पट्टी चिकटवायची नाही.
म्हणून करवती मोजतो. भोकं पाडायचं यंत्र मोजतो.
करवतीखालचा भुसा ताजा आहे का,
चिमटीत धरून हुंगतो.
हे शेवटचं नियमात नाही.

पहिल्यांदा आलो तेव्हा मेंग सुन-ओकबाईंकडे
एक करवत होती, पाच माणसं,
आणि नवऱ्याने मागे ठेवलेलं कर्ज.
कुठल्याशा बेटावरच्या शाळेची दोनशे बारा बाकं
त्यांना मिळाली ती या राखीव रांगेतून;
मोठ्यांच्या रांगेत नंबर लागता लागता
शेडच विकली गेली असती.
बाकं होडीतून गेली. खाऱ्या वाऱ्याने वार्निश उतरलं,
बाईंनी स्वतः जाऊन पुन्हा दिलं.
पुढच्या खेपेला तीन करवती.
त्याच्या पुढच्या खेपेला चहा देणारा पोरगा वेगळा,
आधीचा आता आराखडे काढायला बसलेला.
मी शेरा मारला: प्रगती समाधानकारक.
हे दोन शब्द मी नोकरीत क्वचितच मनापासून लिहिले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरं.
पण अंथरूण सरकारचं,
त्याची लांबी राजपत्रात छापलेली,
आणि पाय काही विचारून वाढत नाहीत.
एका वर्षी बाईंनी हिशेबाची वही मिटत विचारलं,
"अजून किती चालेल?"
मला वाटलं, किती दिवस.
त्या विचारत होत्या, किती उलाढाल.
रेषेपलीकडे एक बाक जरी विकलं
तर त्या मोठ्या,
आणि मोठ्या म्हणजे डोंगराएवढ्या कंपन्यांच्या रांगेत उभ्या,
घरातल्या सपाता घालून.

या खेपेला शेडच्या मधोमध भिंत.
विटा नव्या, गिलावा अजून ओलसर.
पलीकडे जावयाची कंपनी,
वेगळी पाटी, वेगळा शिक्का, वेगळा टेलिफोन.
करवती चार इकडे, तीन तिकडे.
मी दोन्हीकडे जाऊन मोजल्या.
किटली मात्र एकच,
जवाचा चहा भिंतीतल्या दारातून ये-जा करतो,
आणि पिवळा कुत्रा, त्याचंही नाव जवच, बोरी,
बरोब्बर उंबऱ्यावर झोपलेला:
डोकं सासूच्या कंपनीत, शेपूट जावयाच्या.
अर्जात कुत्र्याचा रकाना नाही. देवाची कृपा.

सुन-ओकबाई लपवत काही नाहीत. म्हणाल्या,
"बाहेर माझी बाकं कोण घेणार?
वीस वर्षं एकच गिऱ्हाईक पाहिलं.
त्याच्याच मापाचं सगळं शिकले."
मग त्या बेटाचं सांगितलं.
यंदा शाळेची मागणी आली आहे:
नऊ.
पोरंच उरली नाहीत. जुनी बाकं एकावर एक रचून
व्यायामशाळेत ठेवलीत,
तिथले मास्तर म्हणे अधूनमधून पुसतात.
वाढ अडवायला भिंत घातली,
तर इकडे आतलंच आटत चाललंय.

मी काहीतरी बोलायला हवं होतं.
नियम नसता तर पहिली करवतही टिकली नसती,
हे त्यांना माहीत.
नियमाला पुढची एक पायरी असती तर,
हे मला माहीत.
चहा निवला.

फॉर्म भरायला मिळालं ते पहिलीतल्या मुलाचं बाक.
खुर्चीही त्याचीच. माझे गुडघे हनुवटीला.
"उद्योग स्वतंत्र आहे काय?" इथे पेन थांबलं.
पलीकडे जावयाची करवत सुरू झाली,
भिंत थरथरली, गिलाव्याचा एक लपका खाली आला.
बोरीने डोकं उचललं,
कुठल्या कंपनीतर्फे भुंकावं ते न कळून
परत खाली ठेवलं.
खुर्ची माझ्या वजनाने करकरली नाही.
आधी तेवढं लिहिलं.