भोंगा

मातोझिन्योशला, सार्डिनच्या कारखान्यात
डबे भरण्यात गेलेली देओलिंदाची अकरा वर्षं
पेन्शनच्या हिशेबात नाहीत.
मस्टर जळालं, मालक वारला,
सरकारी पत्रात एकच ओळ: पुरावा अपुरा.

अपिलाची ही तिसरी खेप.
समोर तिघं, मधे पाण्याचा जग.
"दुसरं काही आहे?" मधल्या बाईंनी विचारलं,
चष्मा पुसत. तशा बऱ्या वाटल्या.

देओलिंदा उठली. तोंडाशी ओंजळ धरून
तिनं भोंगा वाजवला:
दोन लांब, एक तुटका.
बोट रात्री कितीलाही लागो,
हा आमचा. शेजारच्यांचा वेगळा.

दाराबाहेर आपल्या नंबराची वाट बघणारी
कुणी एक म्हातारी
पिशवी सावरत उभी राहिली,
उशीर झाल्यासारखी.

टाइप करणारा थांबला.
"हे," तो म्हणाला, "लिहू कसं?"