लाभ

मार्केट यार्डात गुळाचे रवे मोजताना
आम्ही एक म्हणत नाही.
पहिल्या रव्याला म्हणायचं लाभ,
मग दोन, मग तीन.
का, ते मला कुणी सांगितलं नाही.
पाठीवर ओझं असलं
की माणूस फार प्रश्न विचारत नसतो.

पोराचं नाव ठेवलं धैर्यशील.
नाव एवढं दणदणीत,
आणि पोरगं अडीच वर्षं गप्प.
बोट दाखवायचं, रडायचं, हात धरून ओढायचं,
पण शब्द म्हणून नाही.

सीपीआरला नेलं. कान शाबूत निघाले.
शेजारीण म्हणाली, जिभेला मध लावा.
आई म्हणाली, तू तरी कुठं लवकर बोलला होतास,
आणि अजून तरी कुठं बोलतोस?

विक्रमनगरच्या अंगणवाडीतल्या मुल्लाणी बाई
त्याला वजनकाट्यावर उभा करून म्हणाल्या,
घरात गाता का काही?
मी म्हटलं, आमच्या घरात मिक्सर तेवढा गातोय.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, नुसतं बोललेलं
पोराच्या अंगावरनं पाण्यागत निघून जातं.
गायलेलं पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं येतं.
मग पोरगं त्याची वाट बघायला लागतं.
वाट बघायला लागलं, की निम्मं काम झालं.

मला काय गाता येणार?
गल्लीच्या भजनात मला मागं बसवतात,
टाळसुद्धा देत नाहीत हातात.
दीपालीचा गळा बरा,
पण तिच्या रात्री चपात्यांच्या ऑर्डरी.
म्हणून मग मीच
पोराला छातीवर पालथं घेतलं
आणि येत होतं ते काढलं,
आमचा म्हातारा तोलार ओढतो तसा सूर ओढून.
लाभ…
दोन…
तीन…

त्यानं मान उचलली.
पुन्हा कान टेकला माझ्या बरगड्यांवर,
गाडी येतीय का बघायला
पोरं रुळाला कान लावतात तसा.

रोज रात्री तेच.
कधी अकराव्या रव्याला झोपायचा,
कधी अख्खी वखार भरली
तरी डोळे टक्क.
दीपाली म्हणायची, अहो, पोराला हमाल करताय का?
पण तिचं लाटणं
माझ्याच ठेक्यावर फिरत होतं.

पाडव्याला सौदे निघाले.
दिवसभर मोजून मोजून घसा बसला,
त्या रात्री पाच म्हटलं, सहा म्हटलं,
आणि माझाच डोळा लागला.

छातीवर एक मूठ आपटली.
मग बारीक, रागावलेला आवाज,
थात.

लाटणं थांबलं.
मी श्वास धरून म्हटलं, आठ.
आणि मुद्दाम गप्प बसलो.
केवढा मोठा गप्पपणा होता तो.
वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरत होतं.
नव, म्हणाला.
ह्याच्या पुढं कुणी मोजलं, कुठवर मोजलं,
मला आठवत नाही.
दीपालीच्या पिठाच्या हाताचा ठसा
माझ्या बनियनवर होता सकाळी.

आता चार वर्षांचा आहे, तोंड मिटत नाही.
दुधाच्या पिशव्या गाऊन आणतो,
शर्टाची बटणं गाऊन लावतो,
इंजेक्शनला गाऊन रडतो.
बाईंच्या रजिस्टरात वजनाला रकाना आहे,
उंचीला आहे, दंडाच्या घेराला आहे.
ह्याला नाही.

परवा सोडायला गेलो तर पोरं रांगेत.
नवीन मदतनीस मोजत होती, एक, दोन.
हा मध्येच म्हणाला, एक नाही, लाभ.
ती म्हणाली, असं नसतं बाळा.
सगळ्यात पुढं एक नवी पोरगी होती,
फ्रॉकचं टोक चावत, कुणाशीच न बोलणारी.
हा तिच्यापाशी गेला,
तिच्या डोक्यावर हात ठेवला
आणि माझाच बेसूर सूर ओढून म्हणाला,
लाभ…
मग थांबला. तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

ती काही बोलली नाही.
हा थांबूनच.
मला यार्डात उशीर होत होता,
पण पाय निघेना दारातनं.