टोपण

पाच उन्हाळे मी गॅस भरून घेतला.
दर एप्रिलला अठराशे रुपये,
कधी बिबवेवाडीच्या उतारावर, कधी पेट्रोलपंपाच्या मागे,
आणि जून उजाडायच्या आत माझी दोन हजार एकची झेन
पुन्हा तोंडावर भट्टी सोडणार.

"मॅडम, पेट्रोल संपतं," निजाम आतार म्हणाला,
"गॅस जातो.
कुठून जातो ते सापडल्याशिवाय
मी नळकांडं उघडणार नाही."

नाना पेठ, क्वार्टर गेटकडून आत,
टायर आणि जुने बंपर यांच्यामधली फटीएवढी जागा.
आजोबा अत्तर विकायचे, तो सांगतो,
डोळे मिटून गिऱ्हाईक ओळखायचे.
"आणि माझ्या वाट्याला हा.
रंग नाही, वास नाही.
खानदानी नाक फुकट गेलं."

वास नाही, पण तेल असतं त्याच्या सोबतीला.
निसटतो तिथे एक थेंब मागे राहतो,
थेंबावर धूळ बसते,
मेट्रोच्या खोदकामाची, कात्रजच्या खडीची.
म्हणून तो आधी हात लावत नाही,
नुसता बघतो, कुठली धूळ जास्त काळी.
कंडेन्सरचा कोपरा. खडा लागलेला.
"इथं?" मी विचारते.
"थांबा."

वैजू, त्याचा पोऱ्या, औशाकडचा,
चहाच्या ग्लासात साबणाचा फेस करतो,
दाढीच्या ब्रशनं एकेका सांध्याला लावतो
इतक्या मायेनं
की मला माझ्याच गाडीचा हेवा वाटला.
फेस बसून राहिला. कुठंच फुगला नाही.
"ते काळं इंजिनचं तेल. दुसरं दुखणं. नंतर बघू."

मग नायट्रोजन. काटा दीडशेवर.
"आज गाडी इथं झोपेल."
मी रिक्षानं घरी आले आणि रात्रभर
आपल्याकडे काय काय गळतंय ते ऐकत पडले:
गीझरचा नळ, फ्रिजचं दार,
वरच्या मजल्यावरचं भांडण.

सकाळी काटा दीडशेवर.
केसभर हलला नव्हता.
निजामनं काचेवर टिचकी मारली. तरी दीडशे.
"म्हणजे गळतीच नाही?"
तो बोलला नाही. चहा आला, चहा गार झाला.
जमिनीकडे बघत वैजूच म्हणाला,
"चाचा, नळी काढून बघू का?"

नळी. मीटरची निळी नळी.
आल्या आल्या जी पहिली लावतात,
जिच्यातून पाच वर्षं सगळ्यांनी मोजलं आणि भरलं,
तीच भोकावर तळहात ठेवून बसली होती.

काढली. वैजूनं बोट जिभेला लावलं,
पितळी तोंडावर थुंकीचा थेंब ठेवला.
थेंब फुगला.
मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा,
त्यात अख्खी नाना पेठ उलटी टांगलेली.
फुटला.
दुसरा आला.

आत वीस रुपयांची पिन, तिचं रबर चिरलेलं.
वर टोपण हवं होतं, ते नव्हतं.
कुणीतरी भरताना काढलं, खिशात टाकलं
आणि जेवायला निघून गेला.
त्या उघड्या दारातून मी दर वर्षी
अठराशे रुपये आत घेतले, बाहेर सोडले.

पिन बदलली. पंप पाऊण तास घरघरला,
आतला दमटपणा उपसत.
मग नळकांडं वजनकाट्यावर,
किराणा तोलावा तसा तोलून गॅस.
टोपण वैजूनं दोन बोटांनी आवळलं.
"पाना हातात आला की लोक ताकद लावतात."
निजामनं त्याच्या खिशात शंभराची नोट कोंबली
आणि लगेच ओरडला, ब्रश धुतला नाही म्हणून.

सेव्हन लव्हज चौकात सिग्नल मोठा.
कितीतरी दिवसांनी चारही काचा वर.
मनगटावर गार वारा, बांगडी थंड.
बाहेर एक बस हॉर्न देत होती, आत पोचत नव्हता.
आणि तेवढ्यात डॅशबोर्डच्या पोटात कुठंतरी
टिक्.
जरा थांबून, टिक्.

हे आधीपासून होतं का?
मागचा स्कूटरवाला हात उडवायला लागला.
मी अजून कान लावून बसले होते.