दोरे

पेरणोलीच्या वरच्या सड्यावर, माघ सरता सरता,
गवताच्या टोकांवर पांढरं धरलं होतं.
दहिवर म्हणावं तर बोटाला टोचत होतं.
इनासमामांनी वाकून एक पातं मोडलं,
जिभेवर ठेवलं.
"बर्फच की गं ह्ये. आज्ज्याच्या तोंडनं ऐकलंवतं,
बघालोय पैल्यांदा."

मी कोल्हापूरहून आणलेला थर्मामीटर बघितला. तीन पॉइंट दोन.
काजूचा मोहोर आठ दिवसांआधीच फुटलेला.

माझं काम साधं आहे:
मोहोराला दोरा बांधायचा, फुलं मोजायची, वहीत लिहायचं.
थंडीआधी उमलला त्याला लाल,
नंतरच्याला पिवळा.
"काय मोजालईस एवढं?" संतानमामी विचारायच्या,
"मोजल्यानं काजू वाढत्यात व्हय?"

काजूचं फूल एवढंसं,
भिंगाशिवाय त्याचा संसार दिसत नाही.
पाच पाकळ्या मागे वळलेल्या,
एक केसर बाकीच्यांहून उंच,
वर्गाच्या फोटोत मागे उभं केलेल्या पोरासारखा.
पहिल्या दिवशी पांढरं. मग गुलाबी रेघा.
गुलाबी म्हणजे वेळ गेली.
आपल्याला ते तेव्हाच सुंदर दिसतं.

त्या आठवड्यात शंभरातली सत्त्याण्णव नरफुलं.
उरलेल्या तिघांची कुक्षी ओली, वाट बघणारी,
आणि माशी नाही.
सातेरीची पेटी मामींनी पोत्याने झाकलेली.
दहा वाजेपर्यंत आत नुसती घरघर,
जात्यात दाणा न टाकता कुणी दळतंय तशी.
एक बाहेर आली, फळीवरच आडवी झाली.
मामींनी ती तळहातावर घेतली, फुंकर घातली,
चुलीशी नेली.
"ऊठ बाई, तुजी मजुरी बुडाली."
ती उठली. बारा वाजता.
तोवर कालची फुलं गुलाबी झाली होती.

बांधाच्या कोपऱ्यात एक झाड आहे,
मामा त्याला 'निजरं' म्हणतात.
सगळा सडा फुलून सरतो तेव्हा त्याला जाग येते.
दोनदा कुऱ्हाड लागता लागता राहिलं.
यंदा ते फाल्गुनात फुललं, उन्हं तापलेली,
माश्या तर तोंडावर यायच्या.
मला वाटलं, गोष्ट जमली.
वहीच्या समासात मी उद्गारचिन्हही काढलं.

मग ढेकण्या आला.
कोवळ्या बिया शोषून काळ्या केल्या.
निजऱ्याला शेवटी धरल्या अकरा.
लाल दोऱ्यांच्या चाळीस मोहोरांना मिळून दोन.
सगळ्यांत जास्त विहिरीकडच्या त्या खुज्या झाडाला,
ज्याने थोडं आधी, थोडं नंतर, थोडं मध्येच
असं गबाळं फुलून घेतलं होतं,
आणि ज्याच्या दोऱ्यांचे रंग
माझे मलाच लागेनात.

वैशाखात दोरे सोडायला गेले.
सतरा नंबरचा नव्हता. फांदी होती, गाठ नव्हती.
वरच्या बेचक्यात बुलबुलाचं घरटं,
कडेला काडीकाडीतून ओवलेला लाल धागा,
आत अंडी, जांभळट ठिपक्यांची.
मामा खालून ओरडले, "काय गावलं काय?"

वहीत लिहिलं: क्रमांक सतरा. दोरा नाही. फळ नाही.
मग पेन्सिलीने, खोडता येईल असं,
शेजारी: तीन.