चार बोटं

भिंत वाढली, असं जाऊबाई म्हणाल्या.
जवसाच्या चटणीचा डबा वरच्या फळीवर,
मागच्या दिवाळीपर्यंत हाताला यायचा,
आता बोटं फळीच्या काठालाच थांबतात.
"शालिक सुतारानं फसोलं वं, वर नेऊन ठोकली."
फळी तीच. खिळेही तेच, गंजलेले.
मी काही बोलले नाही.
माझंही पातळ हल्ली जमिनीवर लोळतं,
मी दोष दुकानदाराला दिलेला.

मग त्या पडल्या.
झाडावरून नाही, बंडीवरून नाही,
ओट्याच्या एका पायरीवरून,
हातात रिकामं टोपलं.
तुराटी मोडावी तसा आवाज झाला मनगटाचा,
कोरडा, लहान.
कोंबडीनं मान वर केली
आणि पुन्हा दाणे टिपू लागली.

आर्वीच्या डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरला.
मला त्यात फाल्गुनातली पऱ्हाटी दिसली,
बोंडं वेचून झालेली, तरी शेतात उभी.
"मावशी, हाडं ठिसूळ झालीत. व्यायाम करा."
जाऊबाई हसल्या. दुखत होतं तरी हसल्या.
"बेचाळीस वर्सं कापूस येचला, निंदन केलं,
डोक्यावर पान्याचे गुंड आनले.
आनखी कोनता व्यायाम राह्यला, बापू?"

डॉक्टरकडे उत्तर नव्हतं, किंवा वेळ नव्हता.
उत्तर आणलं उपकेंद्रातल्या उईके मॅडमनं,
वयानं आमच्या पोरीएवढी, स्कूटीवर.
म्हणाली, काकू, कामानं तुम्हाला एकाच बाजूला वाकवलं.
कापूस खाली, तण खाली, चूल खाली,
ज्यांचे पाय धरले ते पायही खालीच.
वर काय होतं तुमचं?

आम्ही दोघी बराच वेळ आठवत बसलो.
वर फळी होती.

"आन् चुना?" जाऊबाईंनी विचारलं,
"तमाखूसंगं जल्मभर खाल्ला, थो कुठी गेला?"
मॅडम हसली, मग हसायची थांबली.
"तो हाडांपर्यंत जात नाही, काकू.
तीळ खा, शेवग्याचा पाला खा,
सकाळच्या उन्हात बसा. तमाखू सोडा."
तीन गोष्टी जाऊबाईंना ऐकू आल्या.

समाजमंदिराची मागची भिंत, संध्याकाळचे पाच.
आम्ही सहाजणी.
टाचा, ढुंगण, पाठ, डोकं,
सगळं भिंतीला टेकवायचं.
बेबीनंदाचं डोकं टेकेना,
मध्ये मूठ मावेल एवढी जागा.
हातात वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या.
टाचा उचला, दहा मोजा.
कौतिका सहानंतर थेट नऊ म्हणते,
तिचा स्वयंपाक राहिलेला असतो.

टपरीवरच्या एका पोट्ट्यानं मोबाईल काढला.
"काढ, काढ," जाऊबाई म्हणाल्या, "तुह्या मायले दाखव.
तिले म्हना उद्या पाचले ये."
ती आली. आता आम्ही सातजणी.

सगळ्यात कठीण एका पायावर उभं राहणं.
दुसऱ्यांच्या कामाला जन्मभर
एका पायावर तयार होतो आम्ही,
इथं पाच मोजेस्तोवर
भिंत धरावी लागते.

दिवेलागणीला घरी निघतो,
सातजणींच्या पाठीला भिंतीचा चुना.
नशिबानं लावला तो वेगळा,
हा आम्ही लावून घेतलेला.
कौतिकाची सून झटकायला धावली
तर कौतिकानं तिचा हात धरला.

गेलेली उंची गेलीच,
मॅडमनं खोटा धीर दिला नाही.
पोळा झाल्यावर जाऊबाईंनी शालिकला बोलावलं,
त्याच शालिकला, शिव्या घातल्या होत्या त्याला.
"फळी खाली घे. चार बोटं."
त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं,
"पाच घेतो ना काकू, आरामात पुरन हात."
"चारच घे," त्या म्हणाल्या,
आणि अनवाणी टाचा उचलून त्याला दाखवल्या.
"पाचवं माह्याकडं राहू दे."